पोर्ट हवेत, राउटर नको!
दरवेळी तेच! राउटरचे चारही पोर्ट (वायर खोचायच्या जागा) भरलेत, टीव्ही आणि प्रिंटर वायरने जोडायचाय, असं मालवणात कुणालाही सांगा, लगेच दुसरा राउटर गळ्यात मारतात. अहो, पोर्ट वाढवायला साधा गिगाबिट स्विच, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा, पुरतो! दुसरा राउटर तसाच जोडला की तो स्वतःचे वेगळे आयपी (नेटवर्कमधले पत्ते) वाटत बसतो, घरात दोन नेटवर्क होतात आणि प्रिंटर काही सापडत नाही. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय धड जात नाही, म्हणून तर वायर ओढायची. तीही तांब्याची सांगून मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची देतात, वर पागोळ्यांखालून उघडीच नेतात. खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढतो आणि गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची लाइन १०० एमबीपीएसवर येते. केबल पाइपातून न्या, टोकं घरात ठेवा, एवढं साधं काम कुणाला करायचं नाही!