बिनबुडाचं घर

काल संध्याकाळी मी शिडीवर चढून चार स्क्रू काढले. ते मी लावलेले नव्हते. आम्ही दोन दिवस बाहेर गेलो होतो, तेवढ्यात परसातल्या माझ्या वटवाघळांच्या घराला शेजारच्या काकांनी परस्पर तळ बसवला होता.

घर पाहावं बांधून म्हणतात. तर तेही झालं. दोन फळ्या, मध्ये जेमतेम दोन सेंटीमीटरची फट, वर उतरतं छप्पर. रंग आतून लावायचा नाही, कारण वास चालत नाही. सांधे बुजवायचे, कारण वारा चालत नाही. आतली फळी खरखरीत हवी, म्हणून तिच्यावर सेंटीमीटरभर अंतरानं आडव्या खाचा पाडायच्या. या खाचांनी माझा एक रविवार आणि डाव्या अंगठ्याचं नख खाल्लं. भिंतीवर बारा फुटांवर, ऊन येईल अशा बाजूला ते टांगून मी खाली उतरलो, तेव्हा काका कुंपणाशी उभे होते. काका नेहमीच कुंपणाशी उभे असतात. कुंपण आधी आलं की काका, हे आता कुणालाच आठवत नाही.

"हे काय रे?"

"वटवाघळांचं घर."

"दार कुठंय?"

"खालून."

काकांनी मान वाकडी करून खालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हलक्या आवाजात, चारचौघांत कुणाची चेन उघडी राहिल्याचं सांगावं तसं म्हणाले, "तळ राहिलाय."

"तळ नसतोच, काका. ती खालून सरपटत वर चढतात. शिवाय लेंड्या खाली पडून जातात, घर साफ राहतं."

"आणि पिल्लं? तीही खाली पडून जाणार?"

"ती लटकतात."

"झोपेत?"

"झोपेतच. अंगाच्या वजनानंच नख्या आवळल्या जातात. जोर लावावा लागत नाही."

"आणि हात सुटला तर?"

"पाय, काका. लटकतात पायांनी."

"मग हातांनी काय करतात?"

"उडतात."

हे शंभर टक्के खरं आहे. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच, लांबच लांब बोटांवर ताणलेली कातडी. पण ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि काकांच्या नजरेत माझ्याविषयी जी करुणा दाटून आली, ती मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी कुंपणावरून हात घालून माझा खांदा थोपटला. "जरा आराम कर," म्हणाले.

तेव्हापासून त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझं खोकं दाखवण्यात येतं. आवाज इकडे नीट ऐकू येतो. "शिकलेला आहे हो, पण तळ विसरला."

बरं, राहायला कुणी आलं असतं तर मी ताठ मानेनं फिरलो असतो. सात महिने झाले, कुणी फिरकलेलं नाही. यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की आता मी तोंड उघडलं की बायकोच वाक्य पुरं करते. मनाला समजवायला मी फ्लोरिडातल्या पर्की नावाच्या गृहस्थांची आठवण काढतो. डासांना कंटाळून त्यांनी 1929 साली शुगरलोफ की बेटावर वटवाघळांसाठी तीसेक फुटी लाकडी मनोराच उभारला. एकही वटवाघूळ राहिलं नाही. मनोरा मात्र रिकामाच उभा राहिला, थेट 2017 च्या इर्मा वादळात कोसळेपर्यंत. त्यांच्या शेजारी काका होते की नाही, कोण जाणे.

पण काल मात्र डोकं फिरलं. थट्टा करा, पाहुण्यांना दाखवा, चालेल. पण आत कुणी झोपलेलं असतं तर? तळ ठोकून कोंडलंच असतं की! असं मी चढ्या आवाजात विचारलं, तर काका शांतपणे म्हणाले, "कोण होतं आत?" यावर काय बोलणार? भांडायलाही भाडेकरू लागतो.

त्यात भर म्हणजे काकांची फळी माझ्या सगळ्या घरापेक्षा सरस होती. काटकोनात कापलेली, रंधा मारून आरशासारखी गुळगुळीत केलेली, मधोमध एक सुबक गोल भोक. "तुझी नाही आली तर चिमण्या तरी येतील," असा खुलासा.

फळी काढली, पण फेकवेना. माझ्या घराची मागची फळी मापात चुकून आखूड झाली होती. ती खाली चार-सहा इंच बाहेर यायला हवी, म्हणजे त्यांना तिच्यावर उतरता येतं. काकांची फळी तिथं चपखल बसत होती. फक्त तिच्यावर नख्या रुतल्या नसत्या. म्हणून मी पटाशी आणली, कुंपणाजवळच बैठक मारली आणि खाचा पाडायला घेतल्या.

"अरे अरे, काय करतोस! दोन तास रंधा मारलाय मी त्याच्यावर!"

सेंटीमीटरभर अंतर पुरतं. मी अर्ध्या सेंटीमीटरवर पाडल्या.