गावे हरवलीच नव्हती: एडवर्ड रॉबिन्सन यांच्याविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन यांनी 1838 साली पॅलेस्टाइनमध्ये जाऊन, स्थानिक लोक पार विसरून गेलेली बायबलमधील गावे पहिल्यांदा शोधून काढली आणि त्यांच्या पुरातत्त्वीय शोधांनी बायबल खरे ठरले, असा मजकूर पुष्कळ ठिकाणी फिरतो आहे. रॉबिन्सन यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांच्या नावावर हे खपवले जाणे मला मान्य नाही.

‘पहिल्यांदा’ हा शब्द तर लगेच गळून पडतो. कैसरियाचे बिशप युसेबियस यांनी चौथ्या शतकातच बायबलमधील स्थळनामांचा कोश रचला होता, आणि सेट्झन व बुर्कहार्ट हे युरोपीय प्रवासी रॉबिन्सन यांच्या पाव शतक आधीच तो मुलूख हिंडून गेले होते.

स्थानिक लोक विसरले होते, हे म्हणणे वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. मठांतल्या दंतकथांवर विसंबायचे नाही, अरब गावकऱ्यांना विचारायचे, ही तर रॉबिन्सन यांची पद्धतच होती. आजचे अरबी नाव अनाता म्हणजे बायबलमधील अनाथोथ, तसेच मुखमास म्हणजे मिखमाश, सैलून म्हणजे शिलो. ही नावे शेतकऱ्यांच्या तोंडी शतकानुशतके टिकली होती, म्हणूनच ती जुळवता आली. गावकऱ्यांशी अस्खलित अरबीत बोलणारे होते बैरूतचे मिशनरी एली स्मिथ, आणि 1841 मध्ये निघालेल्या प्रवासग्रंथावर रॉबिन्सन यांनी त्यांचे नाव आपल्या नावाशेजारी छापले. ज्यांचा वाटा खुद्द रॉबिन्सन यांनी मान्य केला, त्यांनाच हा मजकूर गाळतो, याचे मला वाईट वाटते.

राहिला पुरातत्त्वाचा मुद्दा. रॉबिन्सन यांनी त्या प्रवासात उत्खनन केलेच नाही. आपल्याकडे ज्याला पांढरीचे टेकाड म्हणतात, तशी टेकाडे त्यांच्या वाटेत होती, पण त्यांच्या पोटात वस्त्यांचे थर आहेत हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यांपैकीच तेल अल-हेसी हे टेकाड पाहून, किल्ल्याला जागा उत्तम आहे असे नोंदवून ते पुढे गेले. त्याच टेकाडात 1890 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी खापरांवरून थरांचा काळ लावून दाखवला.

‘बायबल खरे ठरले’ या म्हणण्याचेही तसेच. जेरुसलेममधील सिलोआम तळ्यात पाणी आणणाऱ्या सुमारे 533 मीटर लांब प्राचीन बोगद्यातून रॉबिन्सन आणि स्मिथ रांगत, काही ठिकाणी तर पालथे पडून कोपरांवर सरपटत गेले. तळ्याकडील तोंडापासून काही मीटरवरच भिंतीत प्राचीन हिब्रू लेख कोरलेला होता. तो त्यांना दिसला नाही; 1880 मध्ये एका शाळकरी मुलाला दिसला. दोन बाजूंनी खणत येणाऱ्या माणसांना पलीकडची हाक ऐकू आली, असे त्यात लिहिले आहे. शहरात पाणी आणल्याचे श्रेय बायबल हिज्कीया राजाला देते; लेखात मात्र कोणत्याही राजाचे नाव नाही.