विसरलेली पुस्तके

गेल्या आठवड्यात मी एक कादंबरी प्रथमच वाचत आहे अशा समजुतीने हाती घेतली आणि साठाव्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेला 'खोटे' हा शब्द दिसला. अक्षर माझेच होते. शेवटच्या पानावर तारीखही होती, १९ वर्षांपूर्वीची. म्हणजे हे पुस्तक मी वाचले होते, त्याच्याशी भांडले होते, आणि त्या भांडणाचा मागमूसही मनात उरला नव्हता.

त्या दिवशी मला फार वाईट वाटले. आयुष्यातल्या उत्तम वेळेचा मोठा भाग ज्या गोष्टीला दिला, ती अशी हातातून निसटत असेल तर आपण इतकी वर्षे नक्की काय केले, हा प्रश्न रात्री उशिरापर्यंत छळत राहिला.

सोळाव्या शतकातील फ्रेंच निबंधकार माँतेन याचीही हीच तक्रार होती. पूर्वी लक्षपूर्वक वाचून टिपणांनी भरलेली पुस्तके तो नवी समजून पुन्हा उघडत असे. म्हणून पुढे तो पुस्तकाच्या शेवटी वाचन संपल्याची तारीख आणि आपले मत लिहून ठेवू लागला. मला त्याहून अधिक दिलासा मिळाला तो एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाकडून. त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार करून त्यांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसर पहिल्या काही तासांतच झपाट्याने पडतो, हा त्यातला निष्कर्ष सर्वत्र सांगितला जातो. परंतु त्याने प्रत्यक्षात मोजले होते ते, विसरलेली यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात हे. आणि ३१ दिवसांनंतरही सुमारे एक पंचमांश श्रम वाचत होते. जे आठवत नव्हते, ते पुरते नाहीसे झालेले नव्हते. हे अर्थशून्य अक्षरांच्या बाबतीत खरे असेल, तर ज्या पुस्तकाने आपल्याला रागावायला लावले त्याचे काहीच उरत नसेल असे मला मानवत नाही.

मी ती कादंबरी पुढे वाचत गेले. मदत मागताना वाटते त्याहून अधिक संकोच माणसाला ती मिळाल्यावर वाटतो, हा विचार मी कित्येक वर्षे माझा स्वतःचा म्हणून लोकांना सांगत आले आहे. तो त्या पुस्तकात होता, आणि त्याखाली माझी रेघही होती. पुस्तकाचे नाव, पात्रे, कथानक सारे गळून गेले होते. उरले होते ते इतके अंगात मुरले होते की त्याचा उगम शोधण्याची गरजच कधी भासली नव्हती.

वर्षभरात किती पुस्तके वाचली याची नोंद मी तीन वर्षे ठेवली होती. त्या काळात जाड पुस्तके मागे पडली, कारण त्यांनी संख्या वाढत नव्हती, आणि पुन्हा वाचणे तर जवळजवळ थांबलेच. ती तीन वर्षे माझ्या वाचनातील सर्वांत गरीब वर्षे होती, असे मी आज पूर्ण विचारांती म्हणते. ज्यांना अशा उद्दिष्टामुळे वाचनाची सवय लागली, त्यांच्याशी माझा वाद नाही.

आता मी दर नव्या पुस्तकामागे एक जुने वाचते. त्या कादंबरीच्या शेवटच्या पानावर जुन्या तारखेखाली नवी तारीख घातली आहे. 'खोटे' हा शब्द पुसलेला नाही, कारण तो प्रसंग मला आजही खोटाच वाटतो. तसा तो का वाटतो, हे मात्र या वेळी खाली तीन ओळींत लिहिले आहे.