सातारकर साहेब, 'बारा पोरांचा प्रयोग' म्हणून उडवून लावू नका

सातारकर साहेब, दातांवर साठणाऱ्या जंतूंच्या थरानं हिरड्या सुजतात या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट सकाळी ड्युटीला निघताना वाचली, दुपारी डबा खाताना परत वाचली, आणि आता रात्री साडेदहाला उत्तर लिहायला बसलोय. बाकीच्या वाचकांसाठी ती इथं देतो. "बारा पोरांनी ब्रश केला नाही आणि त्यांच्या हिरड्या सुजल्या, एवढ्यावरून अख्ख्या गावाला शहाणपण शिकवणारे तुम्ही कोण? वर्ष पण चुकीचं लिहिलंय. माझी आजी जन्मभर मिश्री लावायची, नव्वदीत गेली तेव्हा दात शाबूत होते. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात, मग सगळ्यांचे दात का पडत नाहीत? शुगर, घराण्याचा वारसा यावर एक ओळ नाही. हळद-मीठ लावा, काही होत नाही."

त्या बारा जणांच्या प्रयोगाच्या वर्षाचं तुमचं बरोबर आहे. 1965 पाहिजे होतं, माझ्याकडून 1956 टाईप झालं. आत्ताच दुरुस्त केलं, आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो, इथले जुने वाचक सांगतील.

पण "तुम्ही कोण" हे काय बोलणं झालं? मी डॉक्टर आहे असं मी कधीच लिहिलेलं नाही. मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली, मायक्रोस्कोपवर मान मोडून बसतो आणि जे कळतं ते आपल्या लोकांना आपल्या भाषेत सांगतो. त्याचे कुणाकडून पैसे घेत नाही. शहाणपण शिकवायचं असतं तर क्लास काढला असता. तुम्हाला लेख पटला नाही, ठीक आहे, पण माणसाची लायकी काढून सुरुवात करायची ही कुठली पद्धत, साताऱ्यात असंच बोलतात का? नसतील बोलत, माझी सासुरवाडी कोरेगावची आहे, मला माहितीय.

आता तुमचे "बारा पोरं". ही 'पोरं' म्हणजे डेन्मार्कमधल्या आरहुसच्या डेंटल कॉलेजमधली माणसं, बहुतेक विद्यार्थीच, आणि प्रयोग करणारा हॅराल्ड लोए नावाचा नॉर्वेचा संशोधक, जो पुढं अमेरिकेतल्या सरकारी दंतसंशोधन संस्थेचा प्रमुख झाला. त्या काळात हिरड्यांच्या दुखण्याबद्दल ज्याचं त्याचं वेगळं मत होतं. कुणी म्हणायचं वय, कुणी आहार, कुणी म्हणायचं दातावरचं कडक किटण टोचतं म्हणून. लोएनं काय केलं, तर चांगल्या हिरड्यांची माणसं घेतली आणि सांगितलं, आता दात साफ करणं बंद. कुणाला दहा दिवसांत, कुणाला एकवीस दिवसांत, पण बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग सफाई परत सुरू केली आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या.

म्हणजे तोंड तेच, माणूस तोच, वय तेच, घराणं तेच, बदलली फक्त एक गोष्ट. म्हणून बारा पुरले. दहा हजार लोकांना नुसते प्रश्न विचारून जे कळलं नसतं ते इथं कळलं, कारण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती. हे तुम्ही वाचलंत का नाही मला माहीत नाही, लेखात होतं, तिसऱ्या पॅरात.

आणि लॅबवाला म्हणून मला त्यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे त्या दिवसांत ते दातांवर साठणाऱ्या थराच्या स्लाइड बघत होते. सुरुवातीला गोल गोल जंतू, मग लांब दोऱ्यासारखे, आणि शेवटी वळवळणारे, स्क्रूसारखे पीळ असलेले स्पायरोकीट. नुसती संख्या वाढत नव्हती, वस्तीच बदलत होती. हे मी स्वतः बघितलंय. सहा वर्षांपूर्वी माझ्याच मागच्या दाढेच्या फटीतलं पांढरं काडीनं काढून, थेंबभर सलाइनमध्ये कालवून स्लाइड लावली, आणि जे वळवळताना दिसलं ते बघून मी त्या दिवशी जेवलो नाही. तोवर ब्रशला रक्त यायचं तर मी म्हणायचो ब्रश कडक आहे. दातांच्या दवाखान्यात दाखवायला गेलो तर तिथल्या मॅडमनी दात आणि हिरडीच्या मधल्या खाचेत बारीक खुणांची सळई घालून मोजलं, दोन ठिकाणी सहा मिलिमीटर. चांगल्या हिरडीत ते एक ते तीन असतं.

बारा कमी वाटत असतील तर मोठा आकडा देतो. 1998 साली बोस्टनच्या फोर्सिथ संस्थेतल्या सिग्मंड सोक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी 185 माणसांच्या हिरडीखालचे तेरा हजारांवर नमुने तपासून छापले. कुठले जंतू कुणाच्या संगतीनं राहतात ते त्यांनी रंगांनी दाखवलं, आणि लाल गटात तिघं आले, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. जितकी खाच खोल आणि रक्त जास्त, तितके हे तिघं जास्त. यातल्या पहिल्याला हवा चालत नाही आणि वाढायला रक्तातलं लोह लागतं, म्हणजे हिरडीतनं येणारं रक्त हाच त्याचा खुराक. म्हणून मी लेखात "रक्त आलं तर दुर्लक्ष करू नका" लिहिलं, ते शहाणपण मिरवायला नव्हे.

माझी आई तासगाव तालुक्यातली. तव्यावर तंबाखू भाजून घरीच मिश्री करायची, डबी कायम कमरेला. पन्नाशीत पुढचे दात हलायला लागले तेव्हा एका डॉक्टरकडं नेलं (नाव लिहीत नाही), त्यांनी तोंड नीट न बघताच सांगितलं की वय झालं, कॅल्शियम कमी आहे, आणि गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या आणि दातही संपले. सत्तावन्नाव्या वर्षी पूर्ण कवळी. हुरड्याच्या दिवसांत सगळे शेतात बसतात आणि ती ताटात थोडा हुरडा घेऊन नुसती चाळवत बसते. तेव्हा मला अक्कल नव्हती, ब्रशचं आणि किटण काढायचं कुणीतरी पाच मिनिटं बसून तिला समजावलं असतं तर त्यातले निम्मे दात तरी राहिले असते असं मला आजही वाटतं. म्हणून "मिश्रीनं काही होत नाही" हे वाक्य माझ्या पानावर कुणी लिहिलं की मला राग येतो, आणि येणारच.

तुमच्या आजींचं खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्याच लोएनं श्रीलंकेतल्या चहामळ्यातले 480 मजूर पंधरा वर्षं तपासले, ब्रश नाही, दवाखाना नाही, दातांवर थर आणि किटण सगळ्यांच्याच. 1986 ला निकाल छापला, त्यात 11 टक्के लोकांचा रोग हिरड्यांच्या सुजेपुढं गेलाच नाही. तुमच्या आजी त्या अकरांतल्या. पण 81 टक्के लोकांचं नुकसान हळूहळू होत गेलं आणि 8 टक्क्यांचं झपाट्यानं. माझी आई कशात बसते ते मी सांगायला नको. अकरांतली एक आजी दाखवून एकोणनव्वद जणांना मिश्रीची डबी हातात देऊ नका.

शुगरचं म्हणाल तर तो वेगळा विषय आहे, शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर हिरड्या लवकर जातात हे खरं, कधीतरी सवडीनं लिहीन, एका लेखात सगळं मावत नाही. वारशाचंही तसंच.

हळद-मीठावर मात्र एक सांगतो. तोंडातले जंतू पहिल्यांदा बघितले तेच मुळी दातांच्या फटीत. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुकनं 1683 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की मी रोज सकाळी मिठानं दात घासतो, माझे दात स्वच्छ आहेत, तरी फटीत पांढरं काहीतरी राहतं, आणि त्यातच त्याला ते हलणारे जीव दिसले. मीठ त्याच्याकडंही होतंच की. बोट फटीत जात नाही, प्रश्न तिथंच आहे.

तुमची कमेंट मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढं लिहायचं असेल तर जरूर लिहा, फक्त "तुम्ही कोण" नको. आणि घरात कुणाच्या ब्रशला रक्त येत असेल तर एकदा खाच मोजून घ्या, दाताभोवतीचं हाड झिजायच्या आधी गेलात तर सूज उतरते, झिजलेलं हाड मात्र नुसत्या सफाईनं परत भरत नाही. सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांचं तर रक्तही कमी येतं, त्यांनी रक्ताची वाट बघत बसू नये.