'९६ लाख कोटी घनफूट' या मेसेजला उत्तर

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याभरात एकच मेसेज तीनदा आला. म्हणणं असं: भारतात ९६ लाख कोटी घनफूट शेल गॅस (शेल नावाच्या घट्ट, थरांच्या खडकात अडकलेला नैसर्गिक वायू) पडून आहे, अमेरिकेने तो दहा वर्षांत काढून दाखवला, आपण मात्र आयातदारांच्या दबावापायी खणतच नाही, खणलं तर पाइप गॅसचं बिल निम्मं होईल. मी भूशास्त्र शिकलोय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

"९६ लाख कोटी घनफूट आहे."

आकडा खरा आहे, 'आहे' हा शब्द चुकीचा. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती विभागाने २०१३ मध्ये खंबायत, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या खोऱ्यांसाठी केलेला तो अंदाज आहे. शेलची जाडी, खोली, त्यातला कार्बन यांवरून मांडलेलं गणित. त्याच देशाच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने दामोदर सोडून बाकी तीन खोऱ्यांचा अंदाज काढला, तो होता जेमतेम ६ लाख कोटी!

नव्या प्रदेशात असंच होतं. पोलंडला ऊर्जा माहिती विभागानेच २०११ मध्ये १८७ लाख कोटी घनफूट सांगितले होते. सत्तरेक विहिरी खोदून झाल्या, पण व्यापारी उत्पादन सुरू झालंच नाही. एक्सॉनमोबिल ही तेलकंपनी २०१२ मध्ये निघून गेली, शेव्हरॉन आणि कोनोकोफिलिप्स २०१५ मध्ये. नॉर्वेचे ८३ लाख कोटी तर २०१३ च्या यादीत थेट शून्य झाले, कारण शेजारच्या स्वीडनमध्ये त्याच खडकातल्या विहिरींनी निराशा केली होती.

"अमेरिकेने दहा वर्षांत काढला."

जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये पहिली विहीर १९८१ मध्ये खोदली. खडक फोडण्यासाठी परवडेल असा पाण्याचा मारा जमायला १९९७-९८ उजाडलं. तिथे जमिनीखालचा गॅस बहुधा जमीनमालकाचा असतो, म्हणून तो स्वतःहून करार करतो. आपल्याकडे तो सरकारचा, आणि शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त खोदकामाचा त्रास.

"आपण खणतच नाही."

ओएनजीसीला दुर्गापूरजवळ जानेवारी २०११ मध्येच शेल गॅस लागला. २०१३ मध्ये गुजरातेत जंबुसरलाही विहीर घेतली. अडचण खडकाची आहे. बॉम्बे हायचा गॅस, जो उरणला येतो, सच्छिद्र चुनखडीत साठलेला आहे. वाट मिळाली की तो स्वतःच वर येतो. शेलमधला गॅस जिथे तयार झाला तिथेच अडकलेला असतो. खडक फोडावा लागतो, आणि त्यासाठी तो ठिसूळ हवा. चिकणमाती जास्त असली तर पडलेली भेग पुन्हा मिटते. शिवाय आपली खोरी प्रस्तरभंगांनी, म्हणजे ज्यांच्या बाजूने खडक सरकतो अशा भेगांनी, तुकडे-तुकडे झालेली. आडवी विहीर एकाच थरात दूरवर न्यायची तर तो थर मध्येच खाली-वर सरकलेला निघतो. बार्नेटमध्ये शिकलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही. प्रत्येक खोऱ्यात अभ्यास पहिल्यापासून करावा लागतो.

"बिल निम्मं होईल."

शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात बहुधा निम्म्याहून खाली येतं, म्हणून नव्या विहिरी घेतच राहाव्या लागतात आणि खर्च चालूच राहतो. अशा प्रत्येक विहिरीला कोटी-दीड कोटी लिटर पाणी सहज लागतं. गॅस आपल्या शेगडीत जळेल, पण हे पाणी मागायचं जंबुसरच्या शेतकऱ्याकडे.