गोलाईचा हट्ट कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

घरी बांधत असलेल्या टीअरड्रॉप ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायची, थेंबाच्या आकाराची झोपायची छोटी खोली) लेखावर तुम्ही माझी चांगलीच खरडपट्टी काढलीत. ट्रकच्या बॉड्या बांधण्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर 'धन्यवाद' टाकून सटकणं बरं दिसत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गोलाई म्हणजे नुसता नखरा, चौकोनी पेटी निम्म्या वेळात झाली असती, प्लाय दाबून वाकवला की आज ना उद्या तो उसळणारच, फार तर गरम पाण्यात भिजवा किंवा वाफ द्या, नाहीतर सरळ लोखंडी पाइप वाकवून वर पत्रा मारा.

वाऱ्याचं आधी मिटवतो. हा आकार हवा कापतो असं इथे अमेरिकेत सगळेच म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. ट्रेलर गाडीमागच्या ढवळलेल्या हवेतच धावतो. फायदा होतो तो मुख्यतः बुटका असल्याचा. तिथे आपलं भांडणच नाही.

छताचं गणित मात्र वेगळं आहे. 3 मिलिमीटरचा प्लाय सपाट टाकला तर दोन आडव्या पट्ट्यांच्या मध्ये तो पोट सोडतो, त्यात पाणी साचतं आणि रस्त्यावर तो रिकाम्या डब्यासारखा वाजतो. मग जाड प्लाय घ्या, खाली जाड पट्ट्या घ्या, वजन वाढवा. तोच पातळ प्लाय बाक देऊन आवळला की ताठ होतो आणि पाणीही ओघळून जातं. तुमच्या बॉडीला टनावारी माल पेलायचा असतो. माझं हे प्रकरण छोट्या गाडीमागे जाणार, आत दोन माणसं झोपणार. इथे पन्नास किलोही जाणवतात.

आता उसळण्याचं. हा तुमचा सगळ्यात जोरकस मुद्दा, आणि एकेरी प्लायपुरता तो शंभर टक्के खरा. म्हणूनच मी एक जाड थर न वाकवता पातळ थर घेतो, मध्ये गोंद लावतो आणि साच्यावर क्लॅम्पनी आवळतो. गोंद ओला असेपर्यंत थर एकमेकांवरून सरकतात, कारण बाहेरच्याला लांबचा फेरा पडतो आणि आतल्याला जवळचा. सरकताना कडेने गोंदाचे थेंब बाहेर येतात आणि टोकं पायरीसारखी मागेपुढे होतात. गोंद सुकला की हे सरकणं बंद. आता सरळ व्हायचं तर सगळ्या थरांना मिळून एक जाड फळी म्हणून व्हावं लागेल, आणि जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो. सारख्या जाडीचे 2 थर असतील तर दिलेल्या बाकाचा साधारण चौथा हिस्सा परत उसळतो, 4 थर असतील तर सोळावा. मागच्या झाकणाच्या फासळ्या अशाच केल्यात. जेवढं उसळणार तेवढा साच्याचा बाक आधीच जास्त धरायचा, बस्स.

प्लायच्या वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला आहेत हेही बघावं लागतं. पाव इंची प्लाय रेषांना आडवा वाकवला तर 2 फूट त्रिज्येपर्यंत जातो. रेषांच्या दिशेने वाकवायचा तर 5 फुटांखाली उतरू नये. अर्ध्या इंचीला हेच आकडे 6 आणि 12. छताच्या रेषा मी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे ठेवल्यात त्या एवढ्यासाठीच.

गरम पाण्याची तुमची युक्ती मीही वापरतो, पण फक्त पुढच्या नाकापाशी, जिथे बाक आवळ आहे. ओले टॉवेल टाकायचे, पट्ट्याने हळूहळू ओढायचं आणि तसंच सुकू द्यायचं. गोंद लावायचा तो पूर्ण सुकल्यावरच. वाफ अखंड लाकडाला लागते, जाडीच्या इंचाला तासभर असा ढोबळ हिशेब. पण माझ्या आडव्या पट्ट्या सरळच आहेत. गोलाई फक्त बाजूने दिसते, तेव्हा वाकवायला अखंड लाकूड आहेच कुठे?

खरं तर सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बाजूच्या भिंतीवर गोलाईची रेघ मारण्याने. प्लायवर खिळे ठोकायचे, त्यांना लागून लवचिक पट्टी फिरवायची आणि जमिनीला गाल टेकवून कडेने बघायचं. एखादा खिळा दोन मिलिमीटर आत असला तरी तिथे मोड दिसतो. समोरून बघितलं तर कळतही नाही. एक भिंत मनासारखी घासून झाली की तीच फर्मा म्हणून दुसरीवर ठेवून राउटर (लाकडाची कड कापायचं यंत्र) फिरवायचा. दोन भिंतींत फरक राहिला तर छताला पीळ पडतो.

लोखंडी पाइप वाकवायला सोपा, मान्य. पण बाहेर गारठा आणि आत दोन माणसांचा श्वास असला की थंड लोखंडावर पहाटे पाणी धरतं आणि गादी भिजते. लाकूड कुजतं तेही खरं. सुरुवात बहुतेकदा स्क्रूच्या भोकांतून आणि उघड्या कडांतून होते, म्हणून दोन्हींत इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) मुरवलंय. आणि प्लायच्या गोलाईवर तुमचा विश्वास बसतच नसेल तर डी हॅविलँड मॉस्किटो हे विमान आठवा. 25 नोव्हेंबर 1940 ला ते पहिल्यांदा उडालं. त्याची अख्खी गोल कुडी बर्चच्या पातळ प्लायची, मध्ये बाल्साचं हलकं लाकूड, साच्यावर दोन अर्ध्यांत घडवून जोडलेली.

एक विचारायचं राहिलं. जुन्या ट्रकच्या केबिनवर पुढे कपाळासारखी लाकडी कमान असते ना, ती तुमच्याकडे एकाच फळीतून कापायचे की तुकडे जोडून? जोडून असेल तर सांधा नेमका कुठे घ्यायचे? मला पुढच्या खिडकीची वरची चौकट करायची आहे, आणि ती अजून कापलेली नाही.