कार्ड खिशात आहे, पण नाव यादीत आहे का?

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर दरवेळी तोच वाद होतो. "माझ्याकडे मतदार कार्ड आहे, मग मत का देऊ देत नाही?" मताचा हक्क कार्डावर नसतो, यादीतल्या नावावर असतो. नाव आहे आणि कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स किंवा फोटो असलेलं बँक पासबुक चालतं. नाव नसेल तर यातलं काहीच चालत नाही. आणि घरी येणारी मतदार चिठ्ठी २०१९ पासून ओळखपत्र म्हणून ग्राह्य नाही.

त्यामुळे यादी आज बघा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर कार्ड क्रमांक टाकला की भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दिसतो. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद. शिवाय नावनोंदणीच्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून खरी मुदत साधारण दहा दिवस आधीच संपलेली असते.

पहिल्यांदा नोंदणी करायची तर नमुना ६. पात्रतेच्या तारखा, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात, आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, त्यामुळे बारावीतल्या मुलांचे अर्ज आत्ताच भरून टाका. ऑनलाइन भरताना मराठी चौकट स्वतः वाचा. इंग्रजीवरून आपोआप येणाऱ्या अक्षरांत 'काळे'चं 'काले' सहज होतं आणि तेच कार्डावर छापलं जातं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घर बदलल्यावर. पुण्याहून ठाण्याला गेलेला माणूस पुन्हा नमुना ६ भरतो. तिथे तर 'माझं नाव दुसरीकडे नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि खोट्या माहितीला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. स्थलांतराला नमुना ८. त्यात कार्ड क्रमांक तोच राहतो. भाडेकरूंनी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा. पत्त्याचा कुठलाच पुरावा नसला तरी अर्ज करता येतो, मात्र मग बीएलओची (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची) घरभेट अनिवार्य असते. घराला कुलूप आणि फोन बंद, यात कितीतरी अर्ज अडकतात. अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा, अडलं तर १९५० वर फोन करा.

महापालिका, जिल्हा परिषदेला वेगळी नोंदणी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. पदवीधर मतदारसंघाची यादी मात्र दरवेळी नव्याने होते, नमुना १८ भरून.

केंद्रावर तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकलं असेल तर मुकाट परत फिरू नका. ओळख पटवून केंद्राध्यक्षांकडे टेंडर व्होट मागा, ते मतपत्रिकेवर देता येतं. विधानसभा-लोकसभेला बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या (मताची छापील चिठ्ठी दाखवणाऱ्या यंत्राच्या) काचेमागची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती बघूनच हला. आणि वेळ संपायच्या आत रांगेत उभे असाल तर तुम्हाला परत पाठवता येत नाही. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात, ती हातात घ्या आणि उभे राहा.